कॅनमागे किती ऑईल?

ट्रॅक्टर ऑईल खायला लागला की गावात दोनच सल्ले मिळतात. पारावरचा म्हणतो, "विकून टाक." सोसायटीच्या पायरीवर बसलेला म्हणतो, "इंजिन करून घे." दोघांच्याही खिशातून काही जाणार नसतं. विकायला काढला तर निळा धूर बघून गिऱ्हाईक भंगाराच्या आसपास भाव सांगतं. फुल इंजिन करायचं तर लायनर-पिस्टनचा किट, बेअरिंगा, क्रँकचं ग्राइंडिंग, हेडचं काम, पॅकिंगचा सेट आणि मजुरी धरून आमच्या तालुक्याला ५५-६० हजारांच्या खाली कोणी बोलत नाही. सात एकर रान, त्यात मका आणि कपाशी, आणि ट्रॅक्टरची आजची किंमत सव्वा-दीड लाख. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

आमचा ट्रॅक्टर एचएमटी ३५११. तीन सिलेंडर, पस्तीस एचपी, जुना हात बदललेला. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीचे ट्रॅक्टर निघायला लागले, त्याच वंशातला हा. २०१६ साली केंद्र सरकारने तो विभाग बंद करायचा निर्णय घेतला, पण वैजापूर-गंगापूर पट्ट्यात हे ट्रॅक्टर अजून पाळी घालताना दिसतात. त्याला कारण आहे. या इंजिनाचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत खालीवर होतो ती नळकांडी, ओले, म्हणजे बाहेरून पाणी खेळतं असे, आणि ब्लॉकमधून उपसून काढता येणारे. ब्लॉक बोअरिंगला पाठवायची गरज नाही. कडुलिंबाच्या झाडाखाली ताडपत्री अंथरून इंजिन उभं करणारे मिस्त्री अजून आहेत. त्यामुळे "करून घे" म्हणणाऱ्यांचं तोंड कोणी धरू शकत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडमागे जे मिस्त्री बसतात त्यांना सगळे चाचा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी तक्रार सांगितली तेव्हा त्यांनी पान्याला हात लावला नाही. विचारलं, "किती पितो?"

"लई पितो, चाचा."

"लई म्हणजे किती? मोजलंय का? मोजलं नाही अन् इंजिन खोलायला निघाला."

मोजायचं कसं, हा प्रश्न होता. तासाचा मीटर कधीच बंद पडलेला. चाचांनी सांगितलं की डिझेल हेच घड्याळ. वीस लिटरचा कॅन टाकीत रिकामा झाला की ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, ऑईल बघायची काडी पुसून पुन्हा घालायची, आणि जितकं ऑईल कमी झालं तितकंच मापाने ओतून परत त्याच खुणेवर आणायचं. ओतलेलं माप पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहायचं. बस.

हे माप मला फार आवडलं, कारण ते कामाच्या जोरासोबत आपोआप बदलतं. ट्रॉली ओढताना तासाला कमी डिझेल जातं, रोटाव्हेटरला जास्त; तासावर मोजलं तर आकडे नाचतात, डिझेलवर मोजलं तर बरेच स्थिर राहतात. आणि सरकारी मापही तेच आहे. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुधनीला केंद्र सरकारची कृषी यंत्रांची परीक्षण संस्था आहे. नव्या ट्रॅक्टरच्या चाचणीत ती ऑईलचा खपही मोजते, आणि निकष असा की तो इंधनाच्या खपाच्या १ टक्क्याच्या वर जाऊ नये. म्हणजे वीस लिटरच्या कॅनमागे २०० मिली ही वरची हद्द. चांगलं नवं इंजिन त्याच्या पुष्कळ खाली असतं.

आमचा आकडा निघाला कॅनमागे ६०० मिली. तीन टक्के.

तीन टक्के हा आकडा वाईट आहे, पण तो कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. गावात ज्याला "ऑईल पितो" म्हणतात त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. काही ऑईल गळतं. काही उडतं. काही जळतं, आणि जळणारंही दोन वाटांनी जळतं, खालून रिंगांवरून किंवा वरून व्हॉल्व्हच्या गाईडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून. फुल इंजिन केलं की या सगळ्यांवर एकदम इलाज होतो हे खरं. पण त्यातल्या दोन गोष्टींना शंभर-दोनशे रुपये लागतात, आणि त्यासाठी ५५ हजार मोजले जातात हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

गळणारं ऑईल शोधायला सगळ्यात सोपं. इंजिन बाहेरून डिझेल आणि ब्रशने धुवून काढलं, रात्रभर खाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठ्यावर दोन डाग. एक इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या रेषेत, तो नवीन पॅकिंग टाकून गेला. दुसरा क्लच हाऊसिंगच्या बरोबर खाली. हाऊसिंगच्या तळाला एक भोक असतं, ते याचसाठी ठेवलेलं असतं: क्रँकच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून जे झिरपेल ते क्लचवर न साचता बाहेर पडावं. थेंब बोटावर घेतला तर काळा आणि पातळ, म्हणजे इंजिनाचा. गिअरचं ऑईल असतं तर जाड आणि उग्र वासाचं असतं.

मागचं सील बदलायचं म्हणजे ट्रॅक्टर मधून तोडायचा, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे. हजारो रुपयांची मजुरी. मी मान खाली घातली. चाचा मात्र सीलकडे न बघता इंजिनाच्या बाजूला गेले आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या, नळीत वाकडी तार घातली. तारेसोबत वाळलेल्या मातीचा एक लांबट गोळा बाहेर आला, आत पोकळ्या असलेला. कुंभारणीचं घर! पावसाळ्यात ट्रॅक्टर गोठ्याला लागून नुसता उभा होता तेव्हा माशीने ते बांधलेलं. त्याच्या मागे जाळी होती, तीही डांबरासारख्या मळीने भरलेली. नळी पूर्ण बंद नव्हती, पण श्वास कोंडलेला होता.

झिजलेल्या इंजिनात ब्रीदर ही किती मोठी गोष्ट आहे हे मला तेव्हा कळलं. रिंगा ढिल्या झाल्या की जळलेला वायू पिस्टनच्या कडेने खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतो. मिस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात; ऑईल भरायचं झाकण उघडलं की इंजिन भकभक धूर फेकतं तेच. हा वायू ब्रीदरमधून निघून गेला तर ठीक. वाट कोंडली की चेंबरमध्ये दाब तयार होतो, आणि तो ऑईलला जिथे फट मिळेल तिथून ढकलतो. सगळ्यात सोपी फट म्हणजे क्रँकचं सील. जाळी केरोसीनमध्ये बुडवून साफ केली, नळी मोकळी केली, तोंडाला पातळ जाळीचा तुकडा बांधला. पुढच्या पंधरवड्यात हाऊसिंगखालचा डाग रुपयाच्या नाण्याएवढा राहिला. सील अजून तेच आहे. थोडं झिरपतं, आणि मी त्याच्याकडे दुर्लक्ष करतो.

कॅनमागे ६०० चे ४५० झाले. खर्च म्हणाल तर पॅकिंग, केरोसीन आणि चहा.

आता धुळीकडे येतो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

या ट्रॅक्टरला ऑईल-बाथ एअर फिल्टर आहे. वर छत्रीसारखा प्री-क्लीनर, खाली वाटी, वाटीत ऑईल. हवा वरून येऊन ऑईलवर आपटते, जड धूळ ऑईलात बसते, उरलेली तारेच्या ओल्या जाळीत अडकते, आणि मग हवा रबरी नळीतून इंजिनात जाते. साधी, टिकाऊ व्यवस्था. कागदी फिल्टरसारखा खर्च नाही. पण तिला रोजची सेवा लागते. मे महिन्यात मोगडा किंवा रोटाव्हेटर चालवताना ट्रॅक्टर स्वतःच्याच धुळीत असतो. वारा पाठीमागून असला तर ड्रायव्हरला पुढचं चाक दिसत नाही. अशा वेळी दिवसाच्या कामानंतर वाटी उतरवून गाळ खरवडून नवं ऑईल खुणेपर्यंत भरायला पाहिजे. किती जण करतात? मी शेजारीपाजारी बघतो, दिवाळीला ट्रॅक्टर धुतात तेव्हा वाटीची आठवण येते. वाटीत ऑईल कमी आणि चिखल जास्त.

याच्या उलट चूकही होते, आणि ती जास्त धोक्याची. वाटीत खुणेच्या वर ऑईल भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि जाळतं. लोक म्हणतात ट्रॅक्टर ऑईल खातो. तो चेंबरचं खात नसून वाटीतलं खात असतो. फारच ओढलं तर डिझेल बंद करूनही इंजिन थांबत नाही, त्या ऑईलवरच बेफाम पळतं.

चाचांनी वाटी बघितली, ठीक होती. मग म्हणाले, "चालू कर. रेस देऊ नको." इंजिन मंद आचेवर ठेवून त्यांनी प्री-क्लीनर उतरवला आणि नळकांड्याच्या तोंडावर एक लाकडी फळी सपाट दाबून धरली. हात ठेवू नये, ओढ जबरदस्त असते. हवेची वाट बंद झाल्यावर इंजिनाने गुदमरून दोन-तीन सेकंदांत बंद पडायला पाहिजे. आमचं बंद पडलं नाही. जरा आवाज बसला, लटपटलं, आणि चालत राहिलं.

म्हणजे ते दुसरीकडून हवा घेत होतं. फिल्टर न ओलांडता.

फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत जाणारी रबरी नळी वरून बघितली तर चांगली होती. क्लिप सोडून नळी उलटी केली तेव्हा खालच्या अंगाला, जिथे क्लिप बसते त्याच जागी, नखाएवढी चीर. चिरेच्या आतल्या बाजूला मातीची बारीक, तांबूस-राखाडी रेघ उमटलेली, हवेच्या ओढीच्या दिशेने पसरत गेलेली. चाचांनी मॅनिफोल्डच्या तोंडात बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. दोन बोटांत चोळलं तर कचकच लागली.

ती कचकच म्हणजे सिलिका. जमिनीत वाळूचा अंश असतोच, आणि तो लोखंडापेक्षा कठीण असतो. हवेसोबत आत आलेला कण ऑईलच्या थरात बसतो आणि पिस्टनच्या प्रत्येक फेरीला रिंग आणि लायनर यांच्यामध्ये घासला जातो. पहिला मार वरच्या रिंगला आणि लायनरच्या वरच्या भागाला. म्हणून जुना लायनर उघडला तर वरून बोटभर खाली पायरीसारखी कड लागते. रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत झिजलेलं, त्याच्या वर कोरं. हे इंजिन किती तास चाललं यापेक्षा त्याने किती धूळ गिळली यावर ती कड ठरते. आमच्याकडे येण्याआधी ही नळी किती हंगाम चिरलेली होती कोण जाणे.

नवी नळी आणि दोन स्टीलच्या क्लिपा मिळून तीनशेच्या आत आलं. ऑईलचा खप त्याने लगेच काही कमी झाला नाही, होणारही नव्हता. झिजलेलं भरून येत नाही. पण मी आज कोणाला एकच काम सांगायचं झालं तर हेच सांगेन. नवा किट टाकून चिरलेली नळी तशीच ठेवली तर ते ५५ हजार दोन-तीन उन्हाळ्यांत धुळीला मिळतात, अगदी शब्दशः. एक गृहस्थ मला माहीत आहेत, ज्यांनी चार वर्षांत दोनदा इंजिन केलं आणि दोन्ही वेळा दोष किटला दिला.

मग राहिलं जळणारं ऑईल. इथे धूर वाचता आला पाहिजे. निळा धूर ऑईलचा, काळा जास्त डिझेलचा किंवा कमी हवेचा, थंड इंजिनाचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा. पण निळा धूर कधी येतो हे जास्त महत्त्वाचं. नांगराला जोर लागल्यावर सतत निळा येत असेल तर रिंगांकडे बोट दाखवावं. ट्रॅक्टर थोडा वेळ मंद उभा राहिला आणि नंतर रेस दिल्याबरोबर एक मोठा निळा लोट येऊन गेला, मग साफ झालं, तर संशय व्हॉल्व्हच्या गाईडवर. उभ्या इंजिनात वरचं ऑईल गाईडमधून हळूहळू उतरून साचतं आणि रेस दिली की एकदम जळतं.

आमच्यात दोन्ही होतं, पण लोट जास्त. टॅपेट कव्हर उघडून इंजिन चालू केलं तर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवरून ऑईलच्या पिचकाऱ्या उडत होत्या. हे मला नवीन होतं. रॉकरच्या शाफ्टला आणि बुशांना झीज आली की त्यांच्यातून गरजेपेक्षा फार जास्त ऑईल सुटतं आणि व्हॉल्व्हच्या माना त्यात बुडून राहतात. गाईड थोडे झिजलेले असले तरी चालतं, पण वर तळं साचलं असेल तर ते गळणारच. हेड उतरवलं. व्हॉल्व्ह गाईडमध्ये बसवून डावी-उजवीकडे हलवला की हाताला खेळ कळतो. इनलेटचे गाईड बरेच हलत होते, एक्झॉस्टचे त्यामानाने बरे. इनलेटच्या बाजूला ओढ असते म्हणून ऑईल तिथूनच जास्त जातं. इनलेटचे गाईड बदलले, रॉकरला नवे बुश टाकले, सगळे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवले. हे सगळं पाच हजारांच्या आत-बाहेर गेलं, हेडचं पॅकिंग धरून.

हेड उतरलंच होतं म्हणून लायनरची कडही बघितली. नखाला अडत होती, पण फार नाही. चाचांनी जुनी रिंग लायनरच्या खालच्या, न झिजलेल्या भागात आणि वरच्या भागात बसवून फिलरने फट मोजायची गोष्ट काढली, पण त्यासाठी पिस्टन काढावा लागला असता. ढोबळ हिशेब असा की बोअरच्या दर २५ मिलीमीटरमागे ०.१ मिलीमीटर फट. आमच्या ९५ च्या बोअरला ०.४ च्या आसपास. ती एक मिलीमीटरच्या पुढे गेली की रिंग नावाला उरते. आम्ही पिस्टन काढले नाहीत.

त्याऐवजी चाचांनी एक जुना उपाय केला. याबद्दल मिस्त्रींमध्ये दोन तट आहेत, आणि मीही छातीठोक बोलणार नाही. पिस्टनच्या तिसऱ्या-चौथ्या खाचेत जी ऑईल रिंग असते ती फरशीवरून पाणी ओढणाऱ्या वायपरसारखी लायनरवरचं जास्तीचं ऑईल खाली ओढते, आणि ते खाचेतल्या बारीक भोकांमधून परत चेंबरमध्ये जातं. ही भोकं कार्बनने बुजली किंवा रिंग खाचेत चिकटून बसली की ओढायचं काम थांबतं. रिंग झिजलेली नसते, जाम झालेली असते. ज्या ट्रॅक्टरने फार काळ मंद गतीवर उभं राहून थ्रेशर किंवा पाण्याचा पंप चालवलाय, त्याच्यात हे हटकून होतं. इंजिन पुरेसं तापत नाही आणि कार्बन जमतो.

उपाय असा: डिझेल फवारणारे नोझल काढायचे, प्रत्येक सिलेंडरमध्ये अर्धा कप डिझेल-केरोसीनचं मिश्रण सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी नोझल न बसवता इंजिन आधी हाताने फिरवायचं, उरलेलं सगळं भोकांतून बाहेर उडवायचं, आणि चेंबरमधलं ऑईल व फिल्टर लगेच बदलायचे, कारण मिश्रण खाली उतरून ऑईल पातळ करतं. नोझल बसवलेले ठेवून कोणी थेट सेल (स्टार्टर) मारला तर सिलेंडरमधलं पाणीपातळ द्रव दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे मी मुद्दाम सांगतोय. इंटरनेटवर बघून घरी केलेल्या अशा प्रयोगाचा वाकलेला रॉड चाचांच्या टपरीत खिळ्याला टांगलेला आहे.

नोझल काढलेलेच होते म्हणून ते तपासून घेतले. एक नोझल फवाऱ्याऐवजी थेंब टाकत होता. असा नोझल लायनरच्या भिंतीवरचा ऑईलचा थर धुऊन टाकतो, आणि ऑईलही पातळ करतो. तीनही नोझल दुरुस्त होऊन आले. नंतर चाचांनी सांगितलं, "आता याला लाडात ठेवू नको." म्हणजे नांगराला लाव, तापू दे, ओढू दे. पहिल्या दिवशी धुराने शेजारच्या रानातली माणसं उठून गेली. मग हळूहळू उतरला.

इतकं केल्यावर आकडा कॅनमागे २५० मिलीवर आला. यात गाईडचा वाटा किती आणि मुरवण्याचा किती, हे सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच दमात केलं. माझा अंदाज मोठा वाटा रॉकर आणि गाईडचा.

ऑईल कोणतं टाकावं यावर गावात जितकी भांडणं होतात तितकी निवडणुकीवर होत नसतील. आम्ही १५ डब्ल्यू ४० वरून २० डब्ल्यू ५० वर गेलो. मागचा आकडा गरम इंजिनातला घट्टपणा सांगतो. झिजलेल्या फटींत घट्ट ऑईल थोडं जास्त टिकतं. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटेही एवढी थंडी नसते की ते वर चढणार नाही. मात्र डब्यावर डिझेल इंजिनाचा दर्जा, सीएफ-४ किंवा त्याच्या वरचा, लिहिलेला पाहिजे. मोटारसायकलचं २० डब्ल्यू ५० सहज मिळतं म्हणून ओतणारे आहेत. डिझेलची काजळी पोटात धरून ठेवायला ते बनवलेलं नसतं. नव्वद नंबरचं गिअर ऑईल इंजिनात ओतून धूर झाकायचा हा तर बाजारातला विक्रीच्या दिवसापुरता धंदा. जुना ट्रॅक्टर घ्यायला जाल तर काडी बाहेर काढून ऑईल बोटांत ताणून बघा. तार ओढल्यासारखं येत असेल तर घरी परत या.

डब्यातलं औषध, जे टाकलं की ऑईल पिणं बंद असं दुकानदार सांगतो, ते एक आणून बघितलं. त्यातली काही रबराचं सील किंचित फुगवतात, त्यामुळे झिरपणं कमी होऊ शकतं. लोखंड फुगत नाही. ट्रकचं काढलेलं जुनं ऑईल "पितोच आहे तर पिऊ दे" म्हणून टाकायचा सल्ला मला तिघांनी तरी दिला. त्यात कचकच असते, आम्ल असतं, आणि बेअरिंगा त्यावरच चालतात. क्रँक गेला की सगळं स्वस्तातलं राजकारण संपतं.

फुकटचा उपाय मात्र एक आहे. काडीवर दोन खुणा असतात. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वरच्या खुणेच्याही बोटभर वर भरायची सवय. कमी पडायला नको हा हेतू. पण वरपर्यंत भरलं की क्रँक ते घुसळतो, लायनरवर जास्त उडतं, ब्रीदरमधून फेस निघतो, आणि वरचा अर्धा लिटर पहिल्या दोन दिवसांतच जातो. दोन खुणांच्या मध्ये ठेवलं तर खप स्थिर राहतो. अण्णांना हे पटवायला मला पंचांगातलं पान दाखवावं लागलं. पान बघून म्हणाले, "खालच्या खुणेच्या खाली गेला तर तुझं पंचांग येणार आहे का इंजिन धरायला?" तेही बरोबर आहे. म्हणून आता रोज सकाळी काडी तेच बघतात.

आता पैशाचं बघू. वर्षाला आमचं डिझेल हजार लिटरच्या आसपास जातं. तीन टक्क्यांनी तीस लिटर ऑईल, तीनशेच्या भावाने ९ हजार. आता सव्वा टक्क्याने साडेबारा लिटर, पावणेचार हजार. वर्षाचे पाच हजार वाचले, आणि गेले एकूण दहाच्या आत. याच कामासाठी ५५ हजारांचं इंजिन केलं असतं आणि खप शून्यावर आला असता असं धरलं, जो येत नाही, तरी वाचले असते ९ हजार. पतसंस्थेचं बारा टक्क्यांनी व्याजच ६,६०० होतं. नुसत्या ऑईलसाठी फुल इंजिन कधीच फिटत नाही. ते करायचं तर ताकद गेली म्हणून, थंडीत धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही म्हणून, किंवा डिझेल वाढलं म्हणून. डिझेलमधली दहा टक्के वाढ आमच्या आजच्या ऑईलच्या दुपटीहून जास्त पैसे खाते आणि तिचा धूर दिसत नाही, त्यामुळे तिच्याकडे कोणी बघत नाही.

आमचा ट्रॅक्टर अजून अर्ध्या सेलवर उठतो. तापलेल्या इंजिनात मंद गतीवर ऑईलचा दाब चाचांनी वेगळं गेज लावून बघितला, तो चांगला आहे, म्हणजे क्रँक आणि बेअरिंगांना अजून काही झालेलं नाही. चाचांचं म्हणणं, वेळ येईल तेव्हा चेंबर आणि हेड उतरवून जागच्या जागी फक्त लायनर, पिस्टन आणि रिंगा बदलू, इंजिन खाली घ्यायची गरज नाही. त्याला निम्म्यापेक्षा कमी लागतील. किट ओळखीच्या दुकानात बघून ठेवलाय. अण्णांचं म्हणणं, मका विकल्यावर आणून ठेवू, भाव वाढतातच. माझं म्हणणं, कॅनमागे ४०० झाल्याशिवाय नाही. सध्या पहिल्या चालूला थोडा निळा धूर येतो आणि दोरीवरच्या कपड्यांना वास लागतो म्हणून आईची तक्रार आहे, तेवढी मिटवायला ट्रॅक्टर आता घराच्या पलीकडच्या अंगाला लावतो.